बाबांना पेस्टुमला न्यायचंय

३१ जानेवारी १९८८

दोनातो,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न वाचताच चुलीत घातलं नसशील, तर आधी एवढं वाच: कुणी मेलेलं नाही. आत्यासुद्धा ठणठणीत आहे. तिला काय धाड भरलीये!

बाबांच्या डोळ्यांचं सांगायचं म्हणून लिहितेय. काचबिंदू झालाय. दोन वर्षं 'चष्म्याचा नंबर बदललाय' म्हणत काढली आणि आता आवेल्लीनोचा डॉक्टर म्हणतो, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली उन्हाळ्यापर्यंत टिकली तर नशीब समजा. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काय बघायचं राहिलं असेल ते बघून घ्या, मिस्त्री." चांगला माणूस आहे, पण अशी वाक्यं बोलायला त्याचं काय जातं! ऐकून घरी आणायचं मला होतं.

बसमध्ये बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. लिओनी गाव मागे पडल्यावर एकदम म्हणाले, "पेस्टुमची ग्रीक देवळं राहिली बघायची." मी म्हटलं, "बाबा, दगडच बघायचेत ना, मग आपल्या गावात काय कमी आहेत? भूकंपाला आठवं वर्ष लागलं, अजून रस्त्यावरचे उचललेले नाहीत." त्यावर म्हणाले, "ते पडलेले. मला उभे असलेले बघायचेत."

तुला आठवत असेल, आईला ते दर वर्षी पेस्टुमला न्यायचे. म्हणजे तोंडाने. यंदा कापणी झाली की, यंदा सरपंचाच्या घराचा गिलावा झाला की. मग भूकंप झाला आणि विषयच मिटला.

तर मी ठरवलंय. ईस्टरच्या सोमवारी सगळं गाव डबे बांधून कुठे ना कुठे जातंच, तसे आपणही पेस्टुमला जाऊ. तूही ये. रेनाटेला आणि पोरीला घेऊन ये. हाइके नऊ वर्षांची झाली आणि आजोबांनी तिचा चेहरा पाहिलेला नाही. उन्हाळ्यानंतर तिला पाहायला कुणाचे डोळे आणायचे? एवढ्यासाठी लिहितेय, बाकी मला हौस नाही.

आता तू म्हणशील, बाबांनी शपथ घातलीये, तू आणि तुझ्या घरच्यांनी त्यांच्या उंबरठ्यावर पाय ठेवायचा नाही. अरे, म्हणूनच पेस्टुम. तिथला उंबरठा कुणाच्या बापाचा नाही.

बाबा तुझी आठवण काढतात.

जेरार्दा

२१ फेब्रुवारी १९८८

दोनातो,

नऊ वर्षांत बहिणीला पहिलं पत्र आणि त्यात एक ओळ: 'आठवण काढतात म्हणजे नेमकं काय म्हणाले?'

बरं बाबा. काही म्हणाले नाहीत. मी खोटं लिहिलं. तुझं नाव त्यांच्या तोंडून निघालेलं मी भूकंपानंतरच्या या बराकीत एकदाही ऐकलेलं नाही. तुझा विषय निघाला तर 'तो जर्मनीवाला' म्हणतात, आणि तेही शेजारच्याविषयी बोलावं तसं. झालं समाधान?

खोटं का लिहिलं? थकले म्हणून. तू तिकडे वुल्फ्सबुर्गला मोटारी जोडतोस, संध्याकाळी दार लावतोस आणि विषय संपतो. मी पत्र्याच्या दोन खोल्यांत त्यांच्याबरोबर राहते. हिवाळ्यात भिंतीवर पाणी धरतं, उन्हाळ्यात भट्टी पेटते. नवीन घरं 'पुढच्या वर्षी' मिळणार, हे मी इतक्यांदा ऐकलंय की नगरपालिकेचा माणूस दिसला की आधीच मान डोलावते. या सगळ्यात तुमच्या दोघांचा अबोला मीच सांभाळायचा. जावयासारखा, त्याचे मान राखत.

तुझं चुकलंच, हे मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते. आपल्याकडे पहिली मुलगी झाली की तिला बापाच्या आईचं नाव. भिकाऱ्याच्या घरीही यात बदल होत नाही. आईने तर बाळंतविडा भरतानाच दुपट्याच्या कोपऱ्यावर 'मिकेलीना' काढून ठेवलं होतं. आणि तुझी तार आली, मुलगी झाली, नाव हाइके. पोस्टमनने चारचौघांत वाचून दाखवली. बाबा विहिरीपाशी होते. आत्या म्हणाली, "हाइके? हे माणसाचं नाव की शिंक?" सगळे हसले, आई नाही हसली. तिने काही बोलून दाखवलं नाही, दुपटं मात्र तसंच घडी करून पेटीत ठेवलं.

आणि पुढच्याच वर्षी भूकंपात ती गेली. तिचं नाव लावणारं कुणी मागे न ठेवता गेली, हे बाबांच्या डोक्यात बसलंय, ते निघत नाही. तू ट्रकभर ब्लँकेटं घेऊन आलास, हाताची नखं जाईस्तोवर ढिगारा उपसलास, हे गावाने पाहिलं. पण तू शवपेटीला खांदा द्यायला पुढे झालास तेव्हा बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "तू कोण?" मला वाटलं होतं तू काहीतरी बोलशील. तू गप्प उभा राहिलास आणि मग ट्रकमध्ये बसून निघून गेलास. त्या दिवशी त्यांचं चुकलं. हेही मी तेव्हाच म्हटलं होतं, त्यांच्या तोंडावर. त्याबद्दल मला काय मिळालं ते सांगत नाही.

पाद्रीबाबांनी एकदा त्यांना समजावून पाहिलं. म्हणाले, "मिस्त्री, ज्या उंबरठ्याची शपथ घातलीत तो उंबरठाच गेला. ढिगाऱ्याबरोबर दरीत पडलाय." बाबा म्हणाले, "उंबरठा पडला, शब्द नाही पडला." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा. आणि तू त्यांचाच.

म्हणून विचारते, येणार की नाही? 'बघू' असं लिहू नकोस. बघू म्हणणारे मी पुष्कळ बघितले.

जेरार्दा

१३ मार्च १९८८

दोनातो,

तुझं नाही, पण रेनाटेचं पत्र आलं. आपल्या बोलीत लिहिलंय. शब्द जसे कानावर पडले तसेच उतरवलेत बिचारीने, मला मोठ्याने वाचावं लागलं तेव्हा कळलं. हे तिला तू शिकवलंस? मला वाटायचं तुमच्या घरी सगळं जर्मनच चालत असेल.

ती लिहिते, दोनातो आला तरी न आला तरी मी पोरीला घेऊन येणार. शाळेला ईस्टरची सुट्टी आहे, आगगाडीने येऊ.

आणि तिने दुसरंही एक लिहिलंय. हाइके जन्मली तेव्हा रेनाटेची आई त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर होती, मरायला टेकलेली. दुसरी लेक नाही, मुलगा नाही. रेनाटेने बाळ वर नेऊन तिच्या कुशीत ठेवलं आणि म्हणाली, ही हाइके, तुझंच नाव. म्हातारीने नाव ऐकलं आणि दोन दिवसांनी गेली. रेनाटे लिहिते, 'दोनातो म्हणाला होता, मी माझ्या घरच्यांना समजावतो. मला वाटलं त्याने समजावलं आणि तुम्ही तरीही रागावलात.'

दोनातो, तू हे कुणाला समजावलंस? कधी? तारेत दोन शब्द जास्त घातले असतेस तर आई त्याच दिवशी माळ घेऊन त्या बाईसाठी प्रार्थनेला बसली असती. ती तशीच होती, तुला माहीत आहे. नऊ वर्षं आम्ही समजत होतो की जर्मन सुनेने आमच्या नावाला नाक मुरडलं आणि तुझं तिच्यापुढे काही चाललं नाही. तोंड उघडायला काय झालं होतं तुला? मला इतका राग आलाय की हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितेय.

बाबांना पत्र वाचून दाखवलं. ते शेंगा सोलत होते. शेंगा संपल्या तरी टोपलीत हात चाचपत राहिले. मग म्हणाले, "म्हातारीला काय झालं होतं?" मी म्हटलं, "लिहिलेलं नाही." "विचार," म्हणाले. तर विचारते.

आता सहलीचं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. कार्मिनेची व्हॅन मिळतेय. तोच, खाटकाचा मुलगा. तो तिच्यातून डुकरं नेतो, पण धुऊन देतो म्हणालाय. आत्याला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तर तिला माझ्याआधी कळलं. "माझ्या भावाला समुद्राच्या दमट हवेत नेताय आणि मी घरी बसू?" वर तिची अट, व्हॅनमध्ये ती पुढे बसणार, कारण मागे बसलं की तिला मळमळतं. पुढे बसलं तरी मळमळतं, हे तुला ठाऊक आहे. दर वळणावर थांबा, आत्या उतरेल, संतांची नावं घेईल, परत चढेल. या चालीने आम्ही पेस्टुमला पुढच्या ईस्टरला पोचू.

रेनाटे आणि पोर इथे उतरू शकत नाहीत, ते तुला माहीतच आहे. एबोलीच्या माझ्या मैत्रिणीची बहीण पेस्टुमला समुद्राजवळ खोल्या भाड्याने देते, तिथे सोय केलीये. थेट देवळांपाशीच भेटायचं.

बाबांचा स्वभाव मात्र हल्ली फार चिडका झालाय. मी झाडताना खुर्ची हातभर सरकवली तर केवढं बोलले! छपराला भोक पडलंय, खाली परात ठेवली होती, तिच्यात पाय घातला आणि खापर माझ्यावर. मी म्हटलं, परात केवढी, दिसत नाही का? त्यावर जेवले नाहीत. म्हातारपण, दुसरं काय.

जेरार्दा

२७ मार्च १९८८, झावळ्यांचा रविवार

दोनातो,

तुझं कार्ड मिळालं. 'त्यांनी स्वतःच्या तोंडाने बोलावलं तर येईन.'

मी ते घेऊन बाबांकडे गेले. चर्चमधल्या मिसाहून नुकतेच आलो होतो, तिथे वाटलेली ऑलिव्हची डहाळी त्यांच्या हातातच होती. म्हटलं, "बाबा, दोनातोचं म्हणणं आहे, तुम्ही ये म्हणा, म्हणजे तो येतो."

"म्हणजे बापाने लेकाला आमंत्रण द्यायचं? त्याचं काय लग्न आहे?"

"आमंत्रण नको. नुसतं ये म्हणा. मी लिहून कळवते."

"ज्याला यायचंय तो येतो. ज्याला नाही यायचं तो कार्डं पाठवतो."

यावर उत्तर आहे का तुझ्याकडे? मी आत जाऊन बटाटे सोलायला घेतले. खरं सांगू, मला त्या क्षणी तुम्हा दोघांचाही वीट आला. दोघे दोन बाजूंनी दोर धरून उभे, आणि मधे वाळत घातलेलं धुणं मी. माझं वय आता पन्नास झालं. माझं लग्न का झालं नाही, कुणी विचारलंय? आधी आईचे गुडघे, मग भूकंप, मग बाबा. तक्रार करत नाही. म्हणजे करतेच आहे. करू दे की एकदा.

सहल रद्द करते म्हटलं. सरळ म्हटलं, "दोनातो येत नाही, आत्याला प्रवास झेपत नाही, तुम्हाला उन्हाचा त्रास होतो. राहू दे. रेनाटेला तार करते, येऊ नकोस म्हणून."

तर बाबा उठून उभे राहिले. दोन्ही हात टेबलावर टेकून म्हणाले, "तार करायची नाही. पेस्टुमला जायचं म्हणजे जायचं." आणि लगेच, "माझा काळा सूट काढून ठेव." मी म्हटलं, "देवळं बघायला सूट?" तर म्हणाले, "देवळंच आहेत ना?"

आता या माणसाला काय म्हणावं! आठ वर्षांत कुठल्या लग्नाला गेले नाहीत, जत्रेत पाऊल टाकलं नाही, आणि आता सूट. कार्मिनेला दाढी करायला बोलावलंय. स्वतःची करताना हल्ली कापून घेतात. म्हणतात वस्तरा बोथट आहे.

आई गेल्यापासून या घरात ईस्टरचं गोड झालेलं नाही. दुखवट्याच्या घरी करायचं नसतं म्हणून शेजारणी आणून देतात, आणि बाबांनी दुखवटा काही उतरवला नाही. यंदा मी त्यांना न विचारता ईस्टरच्या केकसाठी गहू भिजत घातलेत. पोरगी नऊ वर्षांनी येणार आणि तिला शेजारणीच्या हातचं खायला घालू? आत्या दारातून डोकावून म्हणाली, "गव्हाचा वास येतोय." बाबा म्हणाले, "येऊ दे."

तुला परत बोलवत नाही. तू यायचं ते ये, नाहीतर नको येऊस.

जेरार्दा

१ एप्रिल १९८८

हे तुला मिळेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल, तरी लिहितेय. रेनाटेची तार आली, दोघीच निघाल्यात. तू नाहीस.

मी शेवटपर्यंत धरून चालले होते की तू येशील. कुणाला बोलले नव्हते. व्हॅनमध्ये तुझी जागासुद्धा मोजली होती.

६ एप्रिल १९८८

दोनातो,

रेनाटे गुरुवारी घरी पोचेल आणि तिच्या परीने सांगेल. पण तिला काही गोष्टी कळल्या नाहीत, त्या कळायला आपल्या गावचं असावं लागतं. म्हणून मीच लिहिते. कंटाळा न करता पूर्ण वाच.

जाताना व्हायचं ते झालं. आत्या तीनदा उतरली. कार्मिनेने व्हॅन धुतली होती, पण उन्हात तापल्यावर डुक्कर परत जागं झालं. बाबा सूट घालून, टोपी मांडीवर ठेवून ताठ बसले होते. सगळ्या रस्त्यात एवढंच विचारलं, "एबोली गेलं का?" आणि नंतर, "समुद्राचा वास आला."

पेस्टुमला गर्दी म्हणजे गर्दी. अर्धं नेपल्स डबे घेऊन आलेलं. पोरं खांबांभोवती शिवाशिवी खेळतायत, बायका गवतावर चादरी टाकून अंडी सोलतायत. मी बाबांना फाटकातून आत घेतलं. त्यांनी माझं कोपर धरलं. दोनातो, या माणसाने जन्मात कुणाचं कोपर धरलेलं नाही. मला वाटलं, गर्दीमुळे असेल.

मोठ्या देवळासमोर आलो. मला स्वतःलाच भरून आलं. एवढे मोठे खांब, मधासारखे पिवळे, आणि इतकी वर्षं उभे. मी म्हटलं, "बघा बाबा. बघितलंत?" ते म्हणाले, "हो. मोठं आहे." आणि त्यांचं तोंड गाड्या लावतात तिकडे होतं.

त्यांना वळवलं आणि पुढे चालायला लागलो. जमिनीतून वर आलेला गुडघाभर दगडी बांध होता, भर उन्हात, एखाद्या आंधळ्यालाही... बघ, काय लिहायला लागले. बाबा त्याला अडखळून पडले. सूटचा गुडघा फाटला. मी त्यांना उचलून त्याच बांधावर बसवलं. आत्या मागे राहिली होती, ते बरं झालं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"परातीत पाय घातला त्याच्याआधीच गेले. एका सकाळी उठलो, तर दिवा लागलाच नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, डोळेच नाहीत तर पेस्टुमला जाऊन करायचंय काय. आणि सगळं मोडून टाकलं असतंस." फाटलेला गुडघा चाचपत म्हणाले, "मग ती पोरगी कशाला आली असती?"

घरात त्यांना एकूण एक वस्तू पाठ आहे रे. पलंग, चूल, दार, खुंटी. त्या दोन खोल्यांत ते आंधळे आहेत हे मला, रोज त्यांना वाढणारीला, कळलं नाही. मी खुर्ची सरकवली म्हणून ते ओरडले आणि मी म्हटलं, म्हातारपण. हे मला किती लागलंय ते तुला सांगता येणार नाही. मी तिथे बसून रडले. आजूबाजूची माणसं अंडी खात होती.

बाबा म्हणाले, "रडू नकोस, लोक बघत असतील. मला खांबापाशी ने." कुणाची नजर नाही असं बघून एका खांबापर्यंत नेलं. हात लावायला मनाई आहे, पण आंधळ्याला कोण अडवणार? त्यांनी तळवा टेकला आणि दोन दगडांच्या सांध्यावर अंगठा फिरवत राहिले. "चुना नाही," म्हणाले. "नुसते बसवलेत." मग हात काढून घेतला आणि अगदी हळू म्हणाले, "आपलं घर मी बांधलं होतं, जेरार्दा."

एवढंच. आठ वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं. आईवर जे घर पडलं ते त्यांच्या हातचं होतं. गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, सगळ्यांचीच पडली. चर्चही पडलं." ते म्हणाले, "सगळ्यांची मी नव्हती बांधली."

तेवढ्यात रेनाटे दिसली. मी तिला फोटोवरूनच ओळखत होते, पण तिने लांबूनच हात केला. केस पिकलेत तिचे. बरोबर पोर, उंच, पिवळा कोट, गुडघ्याला खरचटलेलं. तुझ्यामाझ्या आईचं कपाळ घेऊन आलीये दोनातो, कुणी सांगायची गरज नाही. मी बाबांना म्हटलं, "आल्या." त्यांनी टोपी काढली आणि फाटलेल्या गुडघ्यावर धरली, झाकायला.

मला धास्ती होती, आता काय बोलायचं, कोणत्या भाषेत. तर पोरगी कुणाकडे न बघता सरळ बाबांसमोर आली, त्यांचा हात उचलून त्याचा मुका घेतला आणि कपाळाला लावून म्हणाली, "आजोबा, आशीर्वाद द्या."

आपल्या बोलीत. टीव्हीवरची इटालियन नाही, आपली, आई बोलायची तशी, शेवटचं अक्षर गिळून. आता गावातली एकही पोर असं म्हणत नाही. हात चुंबणं तर सोडच, 'चाओ' म्हणून पळतात. आणि तू तिकडे कारखान्यातून येऊन हिला हे शिकवत होतास? रेनाटे म्हणाली, रोज झोपायच्या आधी ती तुला असंच म्हणते आणि तू तिला आशीर्वाद देतोस. तिला वाटायचं सगळ्या इटलीत असंच असतं.

आता आशीर्वाद मागितला की द्यावा लागतो, आणि नाव घेऊनच द्यावा लागतो. बिननावाचा आशीर्वाद लागत नाही, हे आपण पाळण्यात शिकलोय. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. ज्या नावासाठी नऊ वर्षं घालवली ते आता घ्यायचं होतं. पोरगी त्यांचा हात धरून थांबली होती, मुळीच घाई न करता.

बाबांनी दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "देवाचा आशीर्वाद तुला, दोनातो."

मी चटकन डोळे मिटले. मला वाटलं, झालं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. पोरीने मान वर केली आणि मोठ्या माणसाला समजावावं तसं म्हणाली, "मी दोनातो नाही. दोनातो माझे बाबा. ते घरी आहेत. मी हाइके."

"ठाऊक आहे गं," बाबा म्हणाले. "तुझा तुला देतोच. आधी त्याचा देऊ दे. तो माझ्याकडे नऊ वर्षं राहिलाय."

मग त्यांनी हात तसाच ठेवून तिला तिचा दिला, तिचं नाव घेऊन. नीट जमलं नाही. आत्या म्हणते तशी शिंकच निघाली. पोरगी हसली. रेनाटे खांबामागे जाऊन उभी राहिली, मी तिच्यापाशी गेले, आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या होतो. आमच्या जेवणाचं आत्याने पाहिलं. गव्हाचा केक पोरीने तीनदा मागून घेतला. बाबांनी रेनाटेला जवळ बसवून तिच्या आईला काय झालं होतं ते विचारलं, आणि तिने सांगितलं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. नंतर पोरीला म्हणाले, "चल, मला सांग तुला काय काय दिसतंय," आणि तिने त्यांना सगळं देऊळ बोलून दाखवलं, खांब, पाखरं, अंडी खाणारी माणसं, पळणारी कुत्री, सगळं. ते प्रत्येक वेळी "बरं, मग?" म्हणत होते.

परत येताना व्हॅनमध्ये मी विचारलं, "दोनातोला काय कळवू?" थेट बात्तिपाल्या गाव मागे पडल्यावर म्हणाले, "जे झालं ते कळव." 'ये' म्हणाले नाहीत. या वेळी मी खोटं लिहीत नाही, 'ये' हा शब्द त्यांनी उच्चारलेला नाही. पण तुझं नाव उच्चारलं, स्वतःच्या तोंडाने, लोकांदेखत. तू हेच मागितलं होतंस ना? याहून जास्त त्या माणसाकडून निघणार नाही. आणि मीही आता मधे उभी राहून थकले.

कालच आवेल्लीनोला जाऊन आलो. डॉक्टर म्हणाला, काही उरलेलं नाही. बाबा म्हणाले, "मला ठाऊक होतं, हिला खात्री करायची होती."

तर आलास तर एकच लक्षात ठेव. बराकीत आमची ओळ कोणती ते कुणीही सांगेल, दार उघडंच असतं, ते दारासमोरच बसलेले असतात. तिथे येऊन, मान खाली घालून, ते काय म्हणतात याची वाट बघत उभा राहू नकोस. त्यांना दिसणार नाही. पहिला शब्द तुलाच बोलावा लागेल. नाहीतर तू समोर उभा असशील आणि त्यांच्या लेखी आलेलाच नसशील.

जेरार्दा